जुन्या विटेचा वीट का?

मराठीत विटेला म्हणावा तसा मान नाही. 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणजे दोन वाइटांतलं त्यातल्या त्यात बरं. एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला की आपल्याला तिचा वीट येतो. (तो वीट आणि ती वीट हे दोन वेगळे शब्द आहेत, ठाऊक आहे मला. पण कानाला एवढं कुठलं व्याकरण!) एक पुंडलिकाने फेकलेली पंढरपूरची वीट तेवढी भाग्यवान. बाकीच्यांच्या नशिबी आधी गिलाव्याखाली जाणं आणि शेवटी डंपरमध्ये.

आज हे विटापुराण काढण्याचं कारण घरगुती आहे. जुन्या नाशकातला आमचा माहेरचा वाडा पावसाळ्याआधी पाडायचा, असं सगळ्या वाटेकऱ्यांचं एकदाचं ठरलं. नातेवाईक वाचकांना ही बातमी जुनी आहे. बाकीच्यांना एवढंच सांगते की हल्ली लेकीबाळींच्याही सह्या लागतात, त्यामुळे माझंही मत विचारलं गेलं. आणि एकदा विचारलं म्हटल्यावर मी ते थोडक्यात देणार नव्हतेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वाडा राखावा असं मी म्हणत नाहीये. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टात जुन्या गावठाणात कुठली ना कुठली भिंत बसतेच. मला वाड्याबद्दल कितीही माया असली, तरी पोट निघालेल्या भिंतीखालून शेजारच्या पोरांनी शाळेत जावं आणि आपण लांब बसून जुन्या फोटोंवर हळहळावं, हे मला पटत नाही. वाडा खाली आलाच पाहिजे. माझा मुद्दा एवढाच, की तो पाडू नये, उतरवावा. कौलं जशी उतरवतात, तशा विटाही उतरवाव्यात.

ठेकेदाराने जे कोटेशन दिलं ते मोठं बोलकं आहे. सागवानी खांब आणि तुळया मोजून लिहिल्या आहेत. दारं, चौकटी, खिडक्यांचे गज, अगदी पितळी कड्यासुद्धा. जोत्याच्या घडीव काळ्या दगडालाही भाव आहे. विटांच्या जागी काय आहे? 'राडारोडा उचलून नेणे.' त्याचे पैसे तो लावणार नाही, म्हणजे वर आपल्यावर उपकारच. हा राडारोडा जातो कुठे? सरळ माणूस असेल तर कुणाच्या खोलगट प्लॉटमध्ये भराव म्हणून. सरळ नसेल तर रात्रीच्या वेळी नाल्याच्या कडेला. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरी कशी चढली ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना नासर्डीच्या किंवा वाघाडीच्या काठावर भराव पडला की काय होतं हे सांगायला नको.

यावर आमच्या दादाचं (चुलतभाऊ, मुक्काम पुणे) म्हणणं असं, की "तू विटांचं काय घेऊन बसलीस? मातीच ती, मातीत जाईल."

तर दादा, मुद्दा पहिला. ती मातीत जात नाही. विटेची माती भट्टीत ९००-१००० अंशांपर्यंत तापते. ५००-६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं आणि मग ती पाण्यात कितीही भिजली तरी परत कालवता येत नाही. कच्ची वीट पावसात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. म्हणून तर पुराणवस्तूवाल्यांना हजारो वर्षांपूर्वीच्या विटा आणि खापरं सापडतात. आपल्याच नाशकात १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी मातीच्या गढीवर उत्खनन केलं, तेव्हा एकाखाली एक वस्त्यांचे थर निघाले. भरावात टाकलेली वीट माती होत नाही, नुसती निकामी होते.

मुद्दा दुसरा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या वाड्यात तीन प्रकारच्या भिंती आहेत. पुढच्या चौकातली सगळ्यांत जुनी. तिच्यात त्या चपट्या, पातळ विटा आहेत, पेशवाई धाटणीच्या. शनिवारवाड्याच्या तटाकडे नीट पाहिलंत तर खाली दगड आणि वर विटा दिसतात, त्याच कुळातल्या. दुसरी मागची भिंत. ती पणजोबांनी पडल्यावर परत बांधली, आजच्यासारख्या जाड विटांची, पण चुन्यात. आणि तिसरं म्हणजे १९७८ साली काढलेलं न्हाणीघर आणि संडास, हे सिमेंटमध्ये.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसात मागच्या भिंतीचा कोपरा ढासळला. ते न्हाणीघरही त्याच्याबरोबर धोक्यात आलं म्हणून तोडून घेतलं. दोन्ही ढीग अंगणात शेजारी शेजारी पडले होते. चुन्याच्या भिंतीतल्या विटा सुट्या झालेल्या. वसुलीच्या पाठीने दोनदा ठोकलं की चुना खपली धरून निघतो आणि खाली लालभडक, धारदार कडांची वीट. माझी भाची आणि मी, दोघींनी मिळून तासाभरात चाळीसेक विटा साफ केल्या, आणि आम्ही काही गवंडी नव्हे. न्हाणीघराचा ढीग मात्र ढेकळांचा. पाच-पाच सहा-सहा विटांचे गठ्ठे चिकटलेले. फोडायला जावं तर सांधा सुटत नाही, वीट मधून फुटते. पूर्ण ढिगातून अख्ख्या अशा दहासुद्धा निघाल्या नाहीत.

म्हणजे गंमत बघा. पन्नास वर्षांपूर्वीची वीट वाया गेली आणि शंभराच्या आसपास वय असलेली कामाला आली. दोष विटेचा नाही, मालाचा आहे. घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ म्हणा, बेलफळाचं पाणी म्हणा, हा माल विटेपेक्षा मऊ असतो. भिंत जराशी हलली तर तडा सांध्यात जातो, वीट वाचते. भिंत उतरवायची झाली तरी सांधा आधी सुटतो. सिमेंटचा माल पुष्कळदा विटेहून कडक होतो. मग तडा विटेतून जातो आणि भिंत उतरवताना आधी वीटच जाते. आपण 'मजबूत' म्हणून ज्याचं कौतुक करतो, ते भिंतीपुरतं खरं असेलही. विटेचा मात्र त्यात एकच जन्म होतो.

याचा अर्थ असा, की चुन्यात बांधलेले वाडे हा आपल्या गावातला विटांचा शेवटचा साठा आहे. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी आजच्या इमारती पडतील, तेव्हा त्यांतून विटा निघणार नाहीत, ढेकळं निघतील. परत वापरता येण्यासारखा जो माल आहे तो आज पडतोय. सिंहस्थ २०२७ साठी जो तो बांधायच्या घाईत आहे, आणि तो सगळा माल भरावात चाललाय.

आता हिशेब. (आमच्या घरात भावनेवर कुणी सही करत नाही.) मागची भिंत साधारण ३० फूट लांब, १८ फूट उंच, दीड फूट जाड. ८१० घनफूट, म्हणजे आठ ब्रासच्या वर, किंवा सुमारे २३ घनमीटर. आजच्या मापाची वीट धरली तर घनमीटरला ५०० च्या आसपास विटा बसतात. म्हणजे साडेअकरा हजार. खिडक्या, फूटतूट, खराब माल वजा करून निम्म्याच अख्ख्या निघाल्या असं धरू. तरी साडेपाच हजार राहिल्या. साडेचार इंची भिंतीला शंभर चौरस फुटांमागे पाचशेच्या आतबाहेर विटा लागतात. म्हणजे आत्याच्या मळ्याला जे कंपाउंड गेली चार वर्षं 'यंदा करू' म्हणून राहिलंय, ते मधले खांब धरून पाच फूट उंचीचं दोनशे फूट होतं. नवी वीट एकही विकत न घेता.

आणि जे आपल्या खिशातून जात नाही, त्याचाही हिशेब मांडते. एका विटेचं वजन तीन किलोच्या घरात. साडेपाच हजार विटा म्हणजे सोळा-सतरा टन माती, तीही मुरूम नव्हे, पिकाची पोयट्याची. आपल्या देशातल्या मोठ्या भट्ट्यांत लाख विटांमागे साधारण पंधरा ते वीस टन कोळसा जळतो, रचून लावलेल्या साध्या आव्यात त्याहूनही जास्त. म्हणजे एवढ्या विटांना टनभर कोळसा. तो एकदा जळून गेला आहे, त्याचा धूर केव्हाच विरला. आता ती भाजलेली वीट फेकायची आणि नव्या विटेसाठी दुसरा टनभर जाळायचा, हा कुठला व्यवहार?

आता विरुद्ध बाजू. ती नाही असं नाही.

पहिली गोष्ट मजुरी. उतरवायला वेळ लागतो, माणसं लागतात. पण जुन्या नाशकातल्या आमच्या बोळात जेसीबी शिरतोच कुठे? तिथे निम्मं काम तसंही हातानेच होणार आहे. वरून भिंत ढकलून द्यायची की थराथराने खाली घ्यायची, एवढाच फरक. थराथराने घेणं शेजारच्या भिंतीलाही सुरक्षित आणि कामगारालाही. विटा साफ करण्याची मजुरी वेगळी लागेल, आणि ती नगाप्रमाणे न देता रोजाने द्यावी असं माझं मत आहे. नाहीतर धुळीत बसून दिवसभर ठोकणाऱ्या बाईच्या वाट्याला काहीच येत नाही. तोंडाला फडकं आणि हातात मोजे, हेही आपणच द्यायचं.

दुसरी गोष्ट भरवसा. जुनी वीट जुनी म्हणून चांगली, हा भाबडेपणा आहे. पूर्वीच्या भट्टीत मधली वीट पक्की भाजे आणि कडेची कच्ची राही, आणि दोन्ही एकाच भिंतीत जात. जोत्यालगतच्या विटांना लोणा लागलेला असतो. पांढरी भुकटी दिसली की ती वीट बाजूला. तिच्यातला क्षार नव्या भिंतीतही गिलावा उडवणार. निवड करायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन विटा एकमेकींवर हलक्या वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर टाका, तुकडे होता कामा नयेत. आणि एक दिवस पाण्यात बुडवून वजन करा. साध्या विटेने कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. मी घरच्या काट्यावर करून पाहिलं. कोरडी २ किलो ९००, भिजून ३ किलो ३५०. म्हणजे साडेपंधरा टक्के. पास!

तरीसुद्धा, या विटांवर स्लॅब टेकवायचा असेल तर प्रयोगशाळेत दाब देऊन तपासल्याशिवाय नको. मानकातल्या सगळ्यांत खालच्या वर्गालाही चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन तरी दाब सोसावा लागतो. पण कंपाउंड, ओटा, अंगणातली फरसबंदी, बागेतली वाट, कॉलम-बीमच्या घरातल्या मधल्या भिंती, यांत वीट स्वतःचंच वजन उचलते. तिथे ही वीट चालते, नव्हे शोभते. फक्त चपट्या विटा आणि जाड विटा एका भिंतीत मिसळू नयेत, थर जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट तुकड्यांची. निम्म्या विटा फुटणारच. पण विटेचा तुकडा आपल्या लोकांनी कधी टाकला होता? गच्चीवर ब्रिकबॅट कोबा घालतात तो तुकड्यांचाच. आणि त्याहून बारीक चुरा म्हणजे सुरखी. चांगल्या भाजलेल्या मातीची पूड चुन्यात मिसळली की तो माल ओलाव्यातही घट्ट होतो. केरळ-तमिळनाडूच्या हद्दीवरचं १८९५ चं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीच्या मालात बांधलेलं आहे. वाड्यांच्या दुरुस्तीला हल्ली चुन्याचे कारागीर शोधावे लागतात, आणि सुरखी करायची वीट मात्र आपण नाल्यात टाकतो.

जगात इतर लोक काय करतात? १९४५ नंतर बर्लिनमध्ये बायकांनी रांगा लावून ढिगाऱ्यातल्या विटा हाताने साफ केल्या, त्यांतून घरं उभी राहिली. ती गरज होती, हौस नव्हे. चीनमधल्या निंगबो शहरात २००८ साली पुरं झालेलं इतिहास संग्रहालय वांग शू या वास्तुविशारदाने पाडलेल्या गावांतल्या विटा-कौलं वापरून बांधलं, आणि पुढे २०१२ साली त्याला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे केरळात लॉरी बेकर (२००७ साली गेले) आयुष्यभर पडक्या घरांतलं सामान नव्या घरांत बसवत राहिले. उलट उदाहरणही आहे. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना हडप्पाच्या टेकाडातल्या विटा खडी म्हणून रुळांखाली घातल्या, जवळपास शंभर मैलांना पुरतील एवढ्या. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या विटा आगगाडीचं वजन पेलू शकल्या याचं कौतुक करावं, की त्या तिथे गेल्या याचं रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण भरावात विटा घालणारे आपण काही निराळं करत नाही, हे मात्र नक्की.

सरकारी नियम आहेत. २०१६ च्या नियमांनी महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, विटा आणि माल असं वेगवेगळं ठेवायला सांगितलं. 'विटा आणि माल' एकाच रकान्यात, म्हणजे सुटी वीट कुणाच्या डोक्यातच नव्हती. २०२५ साली नवे नियम निघाले, १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे म्हणून. त्यांत बांधणाऱ्यावर जी मोठी जबाबदारी टाकली आहे ती २०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांसाठी. बोळातला वाडा त्या मापाच्या जवळपासही जात नाही. राडारोडा दळून त्याचे ब्लॉक करणं चांगलंच आहे. पण अख्खी वीट दळणं म्हणजे भाकरी मोडून पुन्हा पीठ करायला बसणं.

माझ्या मते करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. धोकादायक वाड्याच्या नोटिशीबरोबर महापालिकेने एक पान जोडावं, की भिंती चुन्याच्या असतील तर विटा उतरवून घ्या, आणि त्या ठेवायला अमुक जागा आहे. जुन्या लाकडाला बाजार आहे म्हणून लाकूड वाचतं. आमच्या वाड्याचं दार उद्या मुंबईच्या एखाद्या हॉटेलात दिमाखाने उभं राहील. विटेला बाजार मिळाला तर वीटही वाचेल. चार ढीग आणि हजारी भावाचा एक फळा, एवढ्यावर बाजार सुरू होतो.

आणि आज जे बांधतायत त्यांना एक विनंती. जिथे भिंतीवर भार नाही तिथे तरी उगाच कडक माल वापरू नका. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा मिश्र माल आपल्या मानकांत बसतो. आपल्यानंतर ती भिंत कुणाला तरी उतरवायची आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

बाकी नातेवाईक मंडळींसाठी: ठेकेदाराशी रविवारी बोलणं आहे. करारात दोनच ओळी वाढवायच्या. भिंती थराथराने उतरवणे, आणि अख्ख्या विटा मालकाच्या. त्यासाठी जे चार पैसे जास्त जातील, त्यातला माझा वाटा मी देतेच, शिवाय विटा मळ्यापर्यंत पोचवण्याचा ट्रॅक्टरही माझ्याकडे लागला. आत्याने होकार दिला आहे. काका म्हणाले, दादाला विचार. दादा, विचारलं. आता शनिवारच्या आत फोन कर.